कोमट रेडिओ

१

माणसाने गुन्हा कबूल केला की चौकशी संपते, असं बहुतेकांना वाटतं. मीटरबाईंना नेमकं उलट वाटायचं. वीजखात्याच्या चोरी-पथकात तीस वर्षं काढल्यावर त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. खरा चोर आधी मीटरला दोष देतो, मग वायरमनला, मग शेजाऱ्याला, आणि स्वतःचं नाव अगदीच गळ्याशी आल्यावर घेतो. इथे तर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने कोणी काही विचारायच्या आत, जिन्यात उभं राहूनच सांगून टाकलं होतं, "चूक माझी. काल संध्याकाळी मेन स्विच बंद करायचा माझ्याकडून राहिला."

झालं होतं ते असं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हौशी रेडिओ मंडळाचं केंद्र होतं. डोंगरावरच्या दगडखाणीत मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून मंडळाने खाणीच्या कारकुनाला एक रेडिओ दिला होता. कुणाला लागलं-खुपलं तर कारकुनाने केंद्राला हाक मारायची आणि केंद्राने ॲम्ब्युलन्स धाडायची. चार वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता एका खाणकामगाराच्या पायावर दगड आला. कारकून चाळीस मिनिटं हाका मारत राहिला आणि केंद्र गप्प बसलं. शेवटी खाणीतल्या लोकांनी त्या माणसाला डंपरमध्ये घालून खडबडीत रस्त्याने खाली आणलं. ॲम्ब्युलन्स वेळेत वर गेली असती तर पाय वाचला असता, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

केंद्राची बॅटरी पार उतरलेली सापडली. आदल्या दुपारपासून शहराच्या त्या भागात वीज नव्हती, म्हणजे चार्जर बंद होता. त्यात रात्रभर रेडिओ चालू राहिला असेल तर बॅटरी उतरणारच. आदल्या संध्याकाळी कुलूप लावून गेलेला शेवटचा माणूस म्हणजे मीटरबाईंचा भाऊ, गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याचं नाव परवाना खात्याला कळवायचं मंडळाने ठरवलं. मग परवाना जाणार, आणि परवाना गेला की तो पुन्हा कधी रेडिओपुढे बसणार नाही. या माणसाने लग्नाच्या दिवशीसुद्धा अर्धा तास रेडिओवर काढला होता.

सगळं जागच्या जागी बसत होतं. फक्त औषधवाली ते मान्य करायला तयार नव्हती.

२

औषधाचं दुकान चालवणारी ही बाई त्या सकाळी केंद्रावर होती. ती मंडळाच्या बैठकीत तावातावाने उभी राहिली आणि म्हणाली, "स्विच बंदच होता. सकाळी मी माझ्या हाताने चालू केला. मग हे म्हणतात तो चालू राहिला होता. म्हणजे दोघांपैकी एक खोटारडा आहे. मला ते लिहून हवंय कोण ते."

चौकशी मीटरबाईंकडे आली. भावाची चौकशी बहिणीने करायची, यावर कोणीच हरकत घेतली नाही. या बाईने नोकरीत असताना स्वतःच्या दिराचं मीटर पकडलं होतं आणि त्यानंतर सहा वर्षं सासरी कोणी त्यांच्याशी धड बोललं नव्हतं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

त्यांनी पहिलं काम केलं ते बॅटरीच्या कपाटाला लाखेचं सील ठोकायचं. कपाट खोलीत नव्हतं, बाहेर जिन्याच्या चौकात होतं, कारण बॅटरीतल्या ॲसिडचा वास खोलीत कोंडतो. मेन स्विचही त्या कपाटातच होता.

"किती दिवस ठेवणार सील?" औषधवालीने विचारलं.

"चौकशी संपेपर्यंत. पुरावा हलला की चोर हसतो."

मग दोघी रेडिओच्या खोलीत बसल्या. औषधवालीने आपल्या खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सुरुवातीपासून सांगा," मीटरबाई म्हणाल्या.

"अकराला आले. कपाट उघडलं, जिन्यातल्या अंधारात चाचपून स्विच वर केला, मग खोली उघडली. रोजचा क्रम. हेडफोन लावले तर कारकुनाची हाक. तो नुसता केंद्राला पुकारत होता. उत्तर आल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही, ही आमची शिस्त. मला वाटलं महिन्याची चाचणी असेल. बोलायचं बटण दाबलं की रेडिओ विझायचा. सोडलं की परत लागायचा आणि परत त्याची हाक." ती थांबली. "मला ऐकू येत होतं, बाई. चाळीस मिनिटं मी ऐकत होते. तुमच्या भावाला फोन केला, तो जीपची बॅटरी घेऊन धावत आला, तोवर खाणीत कोणी उरलं नव्हतं."

तिचे डोळे भरले. मीटरबाईंना वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून प्रश्न सोडायची त्यांना सवय नव्हती.

"ऐकू येतं आणि बोलता येत नाही, हे कसं?"

"ऐकायला करंट थोडा लागतो, बोलायला दहापट. उतरलेली बॅटरी ऐकण्यापुरती तग धरते. बोलायला गेलं की मान टाकते."

"आणखी काही वेगळं वाटलं?"

औषधवालीने आठवून पाहिलं. "थंडी होती. मी हात शेकायला रेडिओवर ठेवला. सवयच आहे, तो तापायला अर्धा तास घेतो. पण त्या दिवशी तो आधीच कोमट होता."

मीटरबाईंनी वहीत 'कोमट' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. स्विच बंद, तरी रेडिओ कोमट. कोणीतरी आधी येऊन गेलं होतं, किंवा ही बाई रचून सांगत होती.

३

जिन्याच्या चौकात, कपाटाला लागून, झेरॉक्सवाल्याचं चिंचोळं दुकान होतं. मीटरबाई दारात दिसताच त्याने गल्ल्यावरचा हात काढून पोटावर ठेवला. चोराच्या मनात चांदणं, हे त्यांनी ताबडतोब हेरलं.

"बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर चिमट्याच्या दातांचे ओरखडे आहेत," त्या म्हणाल्या. "दात बारीक आहेत. गाडीच्या चिमट्याचे नाहीत."

"माझा काय संबंध?"

"संबंध मी विचारला कुठे? तुमच्याकडे छोटा दिवा आहे का, एवढंच विचारायचं होतं."

झेरॉक्सवाल्याने खालच्या खणातून एक दिवा काढला. त्याच्या दोन वायरींना दोन चिमटे होते. त्याने तो टेबलावर ठेवला आणि एकदम बोलायला लागला. "अहो, वीज गेली की गिऱ्हाईक अंधारात कागद कसे शोधणार? कपाटाला कुलूप साधं आहे. तासभर लावतो, कधी दोन तास. त्या बुधवारी तीन. पण माझ्यामुळे त्या माणसाचा पाय गेला असेल तर मला आत्ताच सांगा, मला झोप नाही."

मीटरबाईंनी दिवा उलटा करून मागचा आकडा वाचला. अर्धा अँपिअर, तीन तास. बॅटरी कागदावर साठ अँपिअर-तासांची, जुनी झाल्यामुळे आता जेमतेम चाळीसची. हा माणूस तिच्यातून दीडच घेऊन गेला होता. रेडिओ मात्र नुसता ऐकत बसला तरी तासाला दोन खातो. संध्याकाळी सातपासून सकाळी अकरापर्यंत सोळा तास, म्हणजे बत्तीस. बॅटरी रेडिओनेच रिकामी केली होती, यात शंका उरली नाही.

"तुम्ही चोर आहात," त्या म्हणाल्या, "पण भुरटे. झोपा."

दारातून परत फिरताना त्यांनी विचारलं, "बुधवारी दुपारी कपाटाशी कोण होतं?"

"मी दोन ते पाच बंद होतो. आलो तेव्हा आत नवा स्विच चमकत होता. मला वाटलं, चला, मंडळाला एकदाचं सुचलं."

नवा स्विच. मंडळाच्या वहीत त्याची नोंद नव्हती.

४

भाऊ गॅरेजमध्ये एका टेम्पोखाली आडवा होता. ताईचे जोडे दिसले तसा तो आणखी आत सरकला.

"बाहेर ये. मला खाली वाकता येत नाही, गुडघे दुखतात."

तो आला. हात पुसत उभा राहिला, पण बहिणीकडे पाहीना.

"तू रात्री गॅस बंद आहे का ते तीनदा उठून बघतोस," मीटरबाई म्हणाल्या. "आई हयात होती तेव्हापासून. आणि तू स्विच विसरलास?"

"विसरतो माणूस."

"औषधवाली म्हणते बंद होता."

"तिचा गोंधळ झाला असेल. घाबरली होती बिचारी."

"आणि नवा स्विच कोणी बसवला?"

भावाचा हात थांबला. मग तो पुसलेलाच हात पुन्हा पुसायला लागला. "मीच," तो म्हणाला. "ताई, माझ्या नावावर लिही आणि मिटव ना. तुला काय पडलंय?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मीटरबाईंनी वही उघडली आणि काही न लिहिताच मिटली. दिराचं मीटर पकडताना असं झालं नव्हतं. इथे पाणी मुरत होतं आणि ते भावाच्या घरातलं असेल, अशी धास्ती त्यांना पहिल्यांदा वाटली. खोटं तो बोलत होताच. कुणासाठी बोलतोय, एवढाच प्रश्न होता.

त्याच दिवशी त्या उस्तादांकडे गेल्या. मंडळ स्थापन करणारा हा म्हातारा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाला होता. शहरातल्या प्रत्येक हौशी रेडिओवाल्याला मोर्स त्यांनीच शिकवला होता, भावाला तर शाळेतून काढल्यावर घरी बसवून शिकवला होता. त्यांनी दार उघडलं आणि बसा म्हणायच्या आधी म्हणाले, "बाई, पोर गुणी आहे. कडक लिहू नका."

"अजून काहीच लिहिलं नाही, उस्ताद. तुम्हाला काय वाटतं, कसं झालं असेल?"

"जे झालं ते झालं." ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या घरात एकही वायर लोंबत नव्हती. दिव्याची, पंख्याची, घंटीची, सगळ्या वायरी भिंतीलगत सरळ नेलेल्या होत्या. "त्या माणसाला भेटलात का तुम्ही? खाणीतल्या?"

"नाही. तुम्ही?"

उस्तादांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मीटरबाईंना कळलं नाही. चौकशीत त्यांना चहा मिळाला नाही असं हे पहिलंच घर होतं.

५

अकराव्या दिवशी मीटरबाईंनी सील फोडलं आणि तिघांना बोलावलं: भाऊ, औषधवाली आणि उस्ताद. बॅटरी आता भरलेली होती. आत सगळं त्या गुरुवारसारखंच होतं. नव्या स्विचकडे जाणाऱ्या वायरींची जुडी मेणदोऱ्याने बांधलेली होती. दर दोन बोटांवर एक गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत.

"मी आत बसते," त्या भावाला म्हणाल्या. "तू त्या संध्याकाळी जे केलंस ते कर. तसंच्या तसं."

रेडिओचं स्वतःचं बटण दोन वर्षांपूर्वी तुटून चालू स्थितीत अडकलं होतं. सुटा भाग मिळेना, म्हणून मंडळात रीतच पडली होती, की हेडफोन रेडिओला जोडलेलेच ठेवायचे, खोलीला कुलूप लावायचं आणि मग बाहेर कपाटातल्या मेन स्विचने वीज तोडायची. सकाळी उलट क्रम. त्यामुळे स्विच बंद होताना रेडिओकडे बघणारं माणूस दोन वर्षांत कोणीच नव्हतं.

दार लागलं. कुलूप फिरल्याचा आवाज आला. मग बाहेरून भावाचा आवाज, "केला बंद."

मीटरबाई रेडिओकडे बघत होत्या. रेडिओचा दिवा जळतच होता.

त्यांनी दोन मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं. मग उठून रेडिओच्या पाठीमागची एरियलची केबल फिरवून काढली. दिवा विझला. परत लावली, दिवा लागला. अंगावर काटा आला, तरी त्यांना हसूही आलं, कारण हा चोर त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

६

"बसा," दार उघडल्यावर त्या म्हणाल्या. "दोघांतलं कोणीही स्विचबद्दल चुकलं नव्हतं. याने संध्याकाळी बंद केला, हिने सकाळी चालू केला. मधल्या सोळा तासांत स्विच बंद होता आणि रेडिओ चालू होता."

"कसं शक्य आहे?" औषधवाली म्हणाली.

"मीटर चुकवणारे काय करतात? एक वायर खांबावरून घेतात आणि परतीची वाट मीटरमधून न नेता जमिनीच्या अर्थिंगमधून नेतात. करंटला परत यायला वाट लागते, कुठली ते त्याला चालतं. इथे नवा स्विच लाल वायर तोडत नाही, काळी तोडतो. लाल सरळ रेडिओला गेली आहे. काळी तोडली तरी रेडिओचं लोखंडी अंग एरियलच्या केबलला जोडलेलं आहे, ती केबल गच्चीवर तांब्याच्या पट्टीला, आणि ती पट्टी भिंतीवरून खाली येऊन कपाटातल्या चार्जरच्या पेटीला. चार्जर बॅटरीच्या निगेटिव्हला. करंट मागच्या दाराने घरी आला."

"मग चूक स्विच बसवणाऱ्याची," औषधवाली हळूच म्हणाली, "म्हणजे तुमच्या भावाचीच असणार. गाडीवाले काळी वायर आधी काढतात. मी स्वतः पाहिलंय."

"मीच बसवला," भाऊ म्हणाला. त्याने ते फार पटकन म्हटलं.

"काळी आधी काढतात, खरं आहे. म्हणून मीही दोन दिवस अडकले. पण फ्यूज बघा." मीटरबाईंनी उघड्या दारातून चौकातल्या कपाटाकडे बोट दाखवलं. "फ्यूजही काळ्या वायरवर आहे. लाल उघडी. गाडीचं सगळं अंग म्हणजेच काळी वायर. लाल कुठे घासली की गाडी पेटते. याने जळलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. लाल वायर फ्यूजशिवाय सोडणं याच्या हाताला जमणारच नाही. हे त्या माणसाचं काम आहे, ज्याच्या जगात पॉझिटिव्ह जमिनीला बांधलेला असतो आणि धोका निगेटिव्हमध्ये असतो."

मीटरबाईंनी पर्समधून मेणदोऱ्याचं रीळ काढून भावाच्या हातात ठेवलं. "तू बसवलास ना? मग कपाटातली जुडी बांधलीसही तूच. तशी एक गाठ मार."

भावाने दोरा घेतला. त्याने तो तीनदा गुंडाळला, गाठ मारली, ती सैल पडली. पुन्हा मारली. त्याचे कान लाल झाले. घामाने दोरा बोटांतून निसटू लागला, तरी तो थांबेना.

"दे इकडे," उस्ताद म्हणाले.

"उस्ताद, तुम्ही बसा."

"दे म्हटलं." त्यांनी दोरा घेतला. दोन बोटं मोजली, एक वळसा, खालून एक, आणि ओढ दिली. मग पुढची. न बघता त्यांनी पाच गाठी मारल्या आणि त्या एका रेषेत बसल्या. मग त्यांनी दोरा टेबलावर ठेवला.

"जुना स्विच ठिणग्या टाकत होता," ते म्हणाले. "बुधवारी दुपारी येऊन बदलला. अडतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये निगेटिव्हलाच फ्यूज लावला, निगेटिव्हच तोडला. तिथे तेच बरोबर. डोक्याला विचारलंच नाही, हातांनी करून टाकलं. गुरुवारी दुपारी बातमी कळली आणि जिना चढता चढता माझ्या लक्षात आलं. वर आलो तर हा सांगत होता, चूक माझी. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. अकरा दिवस नाही उघडलं."

"गुरुवारी बॅटरी जोडताना गाठी पाहिल्याबरोबर मला कळलं होतं," भाऊ बहिणीला म्हणाला. आवाजात राग होता. "मला शाळेने हाकललं तेव्हा यांनी दारात उभं केलं. आता ऐंशीव्या वर्षी लोकांनी यांच्यावर थुंकायचं? तुला कोणी सांगितलं होतं इतकं खोदायला?"

भाऊ सुटला म्हणून मीटरबाईंना आनंद झाला होता आणि तो दाखवायची सोय नव्हती. त्यांनी बाहेर जाऊन कपाट बंद केलं, नवी लाख लावली आणि म्हणाल्या, "अहवाल सही होईपर्यंत आत काही हलवायचं नाही."

"अहवाल नंतर," उस्ताद म्हणाले. "आधी मला इस्पितळात न्या. मी एकदा फाटकापर्यंत जाऊन परत आलोय."

७

खाणकामगार पलंगावर टेकून बसला होता. चादर एका बाजूला गुडघ्याखाली सपाट होती. चौघं आत आले तेव्हा त्याने आधी फळं बघितली, मग माणसं.

उस्तादांनी उभ्यानेच सांगितलं. काही लपवलं नाही. स्विच, काळी वायर, रात्रभर जळलेला दिवा, आणि आपलं गप्प बसणं. "माफी मागत नाही," ते म्हणाले. "मागायचं तोंड नाही. तुम्हाला खरं कळायला हवं, म्हणून आलो."

खाणकामगार उशीवरून थोडा वर सरकला.

"म्हणजे कारकुनाने हाका मारल्या होत्या," तो म्हणाला.

"चाळीस मिनिटं," औषधवाली म्हणाली. "मी ऐकल्या."

"मी त्याला तोंडावर खोटारडा म्हटलं. रोज डबा घेऊन येतो, मी भिंतीकडे तोंड करतो." त्याने चादरीवरून हात फिरवला. मग मान वर करून विचारलं, "आता ते नीट झालंय ना? वायरीचं?"

उस्तादांनी भावाकडे पाहिलं. भावाने ताईकडे पाहिलं.

"नाही," मीटरबाई म्हणाल्या. "पुरावा म्हणून तसंच ठेवलंय. अकरा दिवस केंद्र बंद आहे."

"खाणीत कळवलंय?"

खाणीत कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"खाण बंद नाही," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ आत्ता तिथे आहे, माझ्याच जागेवर. कारकून या भरवशावर बसलाय, की हाक मारली की कोणीतरी ऐकेल." तो ओरडला नाही. त्याने फळांची पिशवी उचलून उस्तादांच्या हातात परत दिली. "मग तुम्ही सगळे इथे काय करताय?"

सगळ्यात आधी मीटरबाई दाराकडे वळल्या. सील त्यांचं होतं.